छपरावरचं सोलर कुणाचं? अमेरिकेत घर घेताना लीज आणि लोन

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर शोधताना लिस्टिंगमध्ये ‘सोलर’ दिसलं की आपल्या माणसाच्या मनात पहिला हिशेब होतो तो विजेचं बिल वाचल्याचा. हा हिशेब आपण महाराष्ट्रातून सोबत आणलेला असतो. तिकडे गच्चीवर पॅनेल असतील तर ती बहुतेक वेळा घरमालकाचीच. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांची सबसिडी मिळते, तीही त्याच्याच खात्यात. गच्ची ज्याची त्याचीच पॅनेल, मग वेगळं विचारायचं काय? अमेरिकेत मात्र छप्पर तुमचं आणि त्यावरची पॅनेल तिसऱ्याच कुणाची, हा प्रकार सर्रास आहे.

सेलरचा एजंट सहज सांगतो, “सोलरचे महिन्याला दीडशे डॉलर आहेत, तेवढे तुम्ही पुढे चालू ठेवायचे.” हे दीडशे डॉलर भाड्याचे असू शकतात किंवा कर्जाच्या हप्त्याचे. दोन्ही ऑटोपेने जातात, दोन्हींची मुदत वीस-पंचवीस वर्षांची असते आणि दोन्हींच्या कागदावर सोलर कंपनीचा तोच हसरा सूर्य असतो. सेलरला स्वतःलाही कधी कधी नक्की ठाऊक नसतं, कारण सही केली त्याला आठ वर्षं झालेली असतात. म्हणून रक्कम किती हे विचारण्याआधी पॅनेल कुणाच्या मालकीची आहेत हे विचारायचं, आणि उत्तर तोंडी न घेता मूळ करार मागायचा.

लीजमध्ये पॅनेल कंपनीची असतात. तुम्ही त्यांचं भाडं भरता आणि त्यांनी तयार केलेली वीज वापरता. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे पीपीए, म्हणजे वीज खरेदीचा करार. त्यात भाडं ठरलेलं नसतं, पॅनेलनी जेवढे युनिट तयार केले तेवढ्यांचे पैसे द्यायचे. गॅसच्या सिलिंडरसारखं समजा: सिलिंडर कंपनीचा, पैसे आतल्या गॅसचे. सोलरसिटीने २००८ मध्ये घरगुती लीज बाजारात आणली आणि हे मॉडेल पसरलं. पुढे २०१६ मध्ये टेस्लाने ती कंपनीच विकत घेतली. ‘शून्य डाउन पेमेंट’ म्हणून ज्यांनी त्या काळी पॅनेल बसवली, त्यांची घरं आता विक्रीला येत आहेत आणि कराराची बरीच वर्षं अजून बाकी असू शकतात.

लोनमध्ये पॅनेल घरमालकाचीच असतात. फक्त ती घ्यायला कुणाकडून तरी पैसे काढलेले असतात आणि ते फिटेपर्यंत पॅनेल तारण असतात. मालक तुम्हीच, त्यामुळे फायदे तुमचे आणि दुरुस्तीही तुमचीच.

घर विकलं जातं तेव्हा हा फरक खऱ्या अर्थाने अंगावर येतो. लोन फेडता येतं. पे-ऑफ लेटर, म्हणजे कर्जाची बाकी सांगणारं पत्र, मागवायचं, त्या तारखेला बाकी २२,००० डॉलर निघाली तर क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होतो त्या दिवशी, सेलरला मिळणाऱ्या रकमेतून तेवढे वळते करायचे आणि विषय संपला. सेलरचं मॉर्गेज, म्हणजे घरकर्ज, जसं त्या दिवशी फिटतं तसंच हेही. काही सोलर लोन नव्या मालकाच्या नावावर चढवता येतात, आणि सेलरला अर्थातच तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर हे कर्ज अंगावर घेऊ नका. सेलर म्हणेल की व्याज फक्त अडीच टक्के आहे. पण अनेक सोलर लोनमध्ये तो कमी व्याजदर मिळवण्यासाठी ‘डीलर फी’ आधीच मुद्दलात मिसळलेली असते. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने, सीएफपीबीने, २०२४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: रोख किमतीपेक्षा कर्जाची रक्कम ३० टक्के किंवा त्याहून जास्त फुगलेली असू शकते. म्हणजे दुसऱ्याने चढ्या भावाने घेतलेल्या वस्तूचे हप्ते तुम्ही भरणार. शिवाय काही लोनमध्ये एक छुपी पायरी असते. टॅक्स क्रेडिटची, म्हणजे सोलर बसवल्याबद्दल करात मिळालेल्या सवलतीची, रक्कम पहिल्या दीडेक वर्षात कर्जात भरली नाही, तर हप्ता वर चढतो. सेलरने ती भरली होती का, हे त्याच्या स्टेटमेंटवरूनच कळतं.

लीजचा हिशेब

लीज अशी सहज फेडून मोकळं होता येत नाही. पॅनेल विकत घेण्याचं कलम करारात बहुधा असतं, पण पहिली पाच वर्षं कंपनी ती सहसा विकत नाही. याचं कारण टॅक्समध्ये आहे. लीजच्या सिस्टिमवरचं केंद्रीय क्रेडिट कंपनीने घेतलेलं असतं, आणि पाच वर्षांच्या आत मालकी हलली तर त्यातला काही भाग सरकारला परत करावा लागतो. पाच वर्षांनंतरचा भावसुद्धा बाजारभावाने किंवा उरलेल्या भाड्यावरून ठरतो, आणि तो ऐकून सेलर गप्प होतो.

मग उरतं ट्रान्सफर. सेलरने कंपनीच्या ट्रान्सफर विभागाला कळवायचं, कंपनी खरेदीदाराची पत बघते, तुम्ही सही करता आणि क्लोजिंगनंतर तुमच्या नावाने बिल येऊ लागतं. ही प्रक्रिया काही आठवडे खाते. ऑफर मान्य झाल्यावर महिनाभरात क्लोजिंग असेल तर पहिल्याच आठवड्यात अर्ज जायला हवा. शेवटच्या दोन दिवसांत कंपनीचा फोन होल्डवर असतो आणि मूव्हिंगचा ट्रक दारात.

सही करण्याआधी करारातला ‘एस्कलेटर’ शोधा. बऱ्याच करारांत भाडं दरवर्षी काही टक्क्यांनी वाढतं, २.९ टक्के हा आकडा पुष्कळदा दिसतो. समजा मूळ भाडं १२० डॉलर होतं, करार पंचवीस वर्षांचा आहे आणि आठ वर्षं झाली आहेत. नवव्या वर्षी भाडं सुमारे १५१ डॉलर असतं आणि पंचविसाव्या वर्षी सुमारे २३८. उरलेल्या सतरा वर्षांत तुमच्या खिशातून साधारण ३९,००० डॉलर जाणार. १२० डॉलर धरून गुणाकार केला असता तर साडेचोवीस हजार आले असते. घराच्या किमतीवर पाच हजारांसाठी आपण दोन दोन तास घासाघीस करतो आणि या ३९,००० कडे ‘बिलाचे पैसे’ म्हणून बघतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. लीज वाईटच असते असं नाही. पीजी अँड ई किंवा पीएसई अँड जी या वीज कंपन्यांच्या दरापेक्षा ती वीज स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या. मात्र त्यासाठी सेलरकडून गेल्या बारा महिन्यांची विजेची बिलं आणि बारा महिन्यांची लीजची बिलं दोन्ही मागा. एजंट दाखवतो ते बारा डॉलरचं वीजबिल. लीजचं बिल वेगळ्या लिफाफ्यात येतं.

भाडं जास्त वाटलं तर किंमत कमी करून मागता येते, किंवा पुढच्या काही वर्षांचं भाडं सेलरने क्लोजिंगला आगाऊ भरावं अशी अट घालता येते. ट्रान्सफर न झाल्यास करारातून बाहेर पडता येईल, हे कलम मात्र ऑफरमध्येच हवं.

मॉर्गेज देणारा काय बघतो

इथेही दोन्हींचे रस्ते वेगळे. बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांप्रमाणे लीजवरच्या पॅनेलची किंमत घराच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे मूल्यांकनात, धरता येत नाही, कारण ती घरासोबत विकलीच जात नाहीत. तेव्हा ‘सोलर असल्यामुळे घराची किंमत वीस हजारांनी जास्त’ हे लीजच्या घराबद्दल कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. कर्जमुक्त किंवा क्लोजिंगला फेडलेल्या पॅनेलची किंमत मात्र धरता येते.

लीजचं भाडं सहसा तुमच्या मासिक देण्यांत धरलं जातं. साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांचं मॉर्गेज घेतलं तर एक लाख डॉलरला महिन्याला सुमारे ६३२ डॉलर हप्ता बसतो. त्या हिशेबाने १५१ डॉलरचं भाडं म्हणजे तुमची कर्जाची पात्रता जवळजवळ २४,००० डॉलरनी खाली. पीपीएमध्ये पैसे फक्त तयार झालेल्या विजेवर ठरत असतील, किंवा लीजमध्ये ठरावीक विजेची हमी असून ती कमी पडल्यास भरपाईची सोय असेल, तर फॅनी मे ती रक्कम देण्यांतून वगळू देते. लोन ऑफिसरला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून करार त्याच्या हातात लवकर द्या.

टायटल सर्चमध्ये, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदांच्या तपासणीत, दोन्ही प्रकारांत ‘यूसीसी-१’ नावाची नोंद निघते आणि खरेदीदार दोन्ही वेळा घाबरतात. लोनमध्ये ती नोंद म्हणजे ‘या पॅनेलवर आमचं कर्ज आहे’. लोन फिटलं की ती रद्द करणारी यूसीसी-३ नोंद व्हायला हवी, आणि ती झाली का हे टायटल कंपनीकडून लेखी घ्या. लीजमध्ये तोच कागद ‘ही पॅनेल आमची आहेत, घरासोबत विकू नका’ एवढंच सांगतो, आणि तो राहणारच. या नोंदीचं आयुष्य साधारणपणे पाच वर्षं असतं. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरण झालं नाही तर ती गळून पडते. पण त्याने मूळ करार संपत नाही.

टॅक्स क्रेडिटचं गाजर अजूनही काही लिस्टिंगमध्ये लटकत असतं. आधीपासून बसवलेल्या जुन्या पॅनेलसाठी नव्या खरेदीदाराला केंद्राचं घरगुती ३० टक्के क्रेडिट मिळत नव्हतंच, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला तर ते कुणालाच नाही. न्यू जर्सीत आणखी एक पैशांची वाट असते, एसरेक. पॅनेलनी १,००० युनिट वीज तयार केली की एक प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. लीज आणि पीपीएत ही प्रमाणपत्रं बहुतेक करून कंपनीकडे जातात. पॅनेल मालकीची असतील आणि पात्रतेची वर्षं शिल्लक असतील तर ती तुमची, पण त्यासाठी खातं तुमच्या नावावर करून घ्यावं लागतं. क्लोजिंगच्या गडबडीत हे राहतं आणि जुना मालक दूर टेक्सासमध्ये बसून तुमच्या छपराचे चेक वटवतो. कॅलिफोर्नियात विचारायचा प्रश्न वेगळा: सिस्टिम कोणत्या नेट मीटरिंगवर, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देण्याच्या कोणत्या योजनेत, आहे? एप्रिल २०२३ च्या मध्याआधी अर्ज केलेल्या घरांना जुने दर जोडणीपासून वीस वर्षं मिळतात. त्यानंतरच्या घरांना ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला बराच कमी मिळतो.

छप्पर बदलायची वेळ आली की पॅनेल काढून परत बसवायला काही हजार डॉलर लागतात, आणि दोन्ही प्रकारांत ते घरमालकालाच भरावे लागतात. लीजमध्ये कंपनीला विचारल्याशिवाय हातही लावता येत नाही. म्हणून इन्स्पेक्टरला छपराचं उरलेलं आयुष्य विचारा आणि ते लीजच्या उरलेल्या वर्षांशी ताडून बघा.

कंपनीच बुडाली तर? सनपॉवरने ऑगस्ट २०२४ मध्ये, सनोव्हा आणि कर्ज देणारी मोझेक यांनी जून २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याने भाडं किंवा हप्ता माफ होत नाही, वसूल करणारं नाव फक्त बदलतं. मालकीच्या सिस्टिमला फटका जास्त, कारण बसवणाऱ्याने कामाची दिलेली हमी त्याच्यासोबतच जाते आणि उरते ती फक्त पॅनेल व इन्व्हर्टर बनवणाऱ्यांची वॉरंटी. ट्रान्सफरसाठी सेलरने दिलेला फोन नंबर लागत नसेल तर गेल्या महिन्यात पैसे कुणाच्या नावाने कापले गेले ते बँक स्टेटमेंटवर बघायला सांगा. सध्याचा धनी तिथे सापडतो.

या दोन्हींत न बसणारा तिसरा प्रकार मुख्यतः कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात भेटतो, पेस. यात सोलरचे पैसे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातून वसूल होतात आणि हा बोजा मॉर्गेजच्याही पुढे उभा राहतो. असं पेस असलेल्या घरावर एफएचए, घरकर्जांना हमी देणारी सरकारी संस्था, नवं कर्ज हमीत घेत नाही, फॅनी मेलाही ते चालत नाही. सेलर म्हणाला की ‘सोलरचं वेगळं बिलच येत नाही’, तर खूश होण्याआधी काउंटीच्या टॅक्सचं बिल ओळ न् ओळ वाचा आणि ती रक्कम क्लोजिंगला सेलरकडून फेडून घ्या.