चंद्रावरची काडेपेटी आणि सरासरीची फुकटची कमाई

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत नुकताच चंद्रावर अडकण्याचा खेळ खेळलो. खेळ जुना आहे. जे हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास तो रूढ केला. यान चंद्राच्या उजेडाच्या बाजूला आदळलंय, मुख्य यान 320 किलोमीटरवर आहे आणि 15 वस्तू शाबूत आहेत. त्यांचा महत्त्वानुसार क्रम लावायचा, आधी एकेकट्याने, मग गटात चर्चा करून. नासाच्या उत्तरात ऑक्सिजनच्या टाक्या पहिल्या, पाणी दुसरं, ताऱ्यांचा नकाशा तिसरा. होकायंत्र 14 वं, कारण पृथ्वीसारखं सबंध गोलाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र चंद्राला नाही. काडेपेटी अगदी शेवटी, हवाच नाही तर काडी जळत राहणार कशी? प्रत्येक वस्तूचा तुमचा आणि नासाचा क्रमांक यांतला फरक काढायचा, चिन्ह सोडायचं, पंधरा फरकांची बेरीज करायची. ही झाली तुमची चूक.

आमच्या गटाची चूक सदस्यांच्या सरासरी चुकीपेक्षा कमी भरली. मार्गदर्शक म्हणाले, "ही बघा संघशक्ती! एक आणि एक अकरा!" टाळ्याही पडल्या. मला मात्र हे पटलं नाही. हाच आकडा दाखवून शाळांपासून कंपन्यांपर्यंत चर्चेचं माहात्म्य सांगतात, आणि या आकड्याला चर्चेची गरजच नसते.

समजा, तिघांनी ताऱ्यांच्या नकाशाला 1, 8 आणि 9 असे क्रमांक दिले. बरोबर उत्तर 3. चुका 2, 5 आणि 6, म्हणजे सरासरी 4.3. आता कोणी तोंड न उघडता तिन्ही क्रमांकांचीच सरासरी काढू. ती येते 6 आणि तिची चूक फक्त 3! एकजण उत्तराच्या अलीकडे चुकला, दोघे पलीकडे. उलट दिशांच्या चुकांनी एकमेकींना खाल्लं. काडेपेटीला मात्र तिघांनी 6, 9, 12 दिले तर? उत्तर 15. चुका 9, 6, 3, सरासरी 6. क्रमांकांची सरासरी 9, तिचीही चूक 6. सगळे एकाच बाजूला चुकले, त्यामुळे फायदा शून्य. पण तोटाही नाही, आणि गंमत इथेच आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे आपण भूमितीत शिकतो. त्याच असमानतेचं बीजगणितातलं रूप असं की बेरजेचं केवलमूल्य (म्हणजे चिन्ह सोडून उरणारा आकडा) हे केवलमूल्यांच्या बेरजेपेक्षा कधीच मोठं नसतं. म्हणून सरासरी क्रमांक आहेत तसे ठेवले, तर त्यांची चूक सदस्यांच्या सरासरी चुकीहून जास्त होऊच शकत नाही. एका वस्तूसाठी नाही, पंधराही वस्तूंच्या बेरजेसाठी नाही. गटात भांडखोर असोत की घुमे, गणित बदलत नाही. त्याला संघशक्ती म्हणणं म्हणजे पाऊस पडल्याचं श्रेय बेडकाच्या लग्नाला देण्यासारखं आहे.

ही कमाई चर्चेत घालवताही येते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झ्युरिकच्या 144 विद्यार्थ्यांना भूगोलाचे आणि गुन्ह्यांच्या आकडेवारीचे प्रश्न घातले होते. इतरांचे अंदाज दिसल्यावर त्यांचे आकडे एकमेकांजवळ सरकले. गट खऱ्या उत्तराजवळ मात्र सरकला नाही. वाढली ती स्वतःच्या उत्तराबद्दलची खात्री. वर्गात पहिला बोलणारा ठाम असला की हेच होतं. अलीकडची चूक पलीकडे ओढली जाते आणि खायला दुसरी चूकच उरत नाही.

मग चर्चा कशासाठी? काडेपेटीसाठी! सगळेच एका बाजूला चुकतात तिथे सरासरी हतबल असते. तिथे "अरे, तिथे हवा कुठेय?" असं विचारणारी एखादी मुलगी लागते, आणि गटाने तिचं ऐकावं लागतं. हॉलने गटांना घालून दिलेले नियम याच दिशेचे होते: मतदान नको, नाणेफेक नको, सरासरीही नको, आणि वाद टाळायचा म्हणून माघार घेऊ नका. हे नियम पाळणाऱ्या गटांनी नियमांविना बसलेल्या गटांपेक्षा चांगला क्रम लावला.

म्हणून हा खेळ घेताना मी फळ्यावर चार आकडे लिहितो: सदस्यांची सरासरी चूक, सरासरी क्रमांकांची चूक, सर्वोत्तम सदस्याची चूक आणि गटाची चूक. पहिल्याला हरवणाऱ्या गटासाठी मी टाळ्या वाजवत नाही. दुसऱ्याला हरवलं, तर काडेपेटीचं कोणी काय बोललं ते विचारतो. तिसऱ्याला हरवलं, तर सगळा वर्ग थांबवून त्या गटाला आपला वाद पहिल्यापासून सांगायला लावतो.