परकीय चलन व्यापार

परकीय चलन व्यापार : एका देशाचे चलन देऊन त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या देशाचे चलन घेण्याचा व्यवहार. इतर बाजारांत वस्तूची किंमत पैशात सांगतात. येथे पैसा हीच वस्तू असल्याने तिची किंमत दुसऱ्या पैशातच सांगावी लागते. म्हणून चलनांचे भाव नेहमी जोडीने दिले जातात आणि प्रत्येक सौद्यात एका चलनाची खरेदी ही दुसऱ्याची विक्री असते. ‘डॉलर वधारला’ हे वाक्य त्यामुळे अपुरेच म्हणावे लागते, कारण त्याच दिवशी तो एका चलनापुढे वधारलेला आणि दुसऱ्यापुढे घसरलेला असू शकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक प्रमुख चलनांचे दर १९४४ च्या ब्रेटन वुड्स कराराने डॉलरशी आणि डॉलर सोन्याशी, एका औंसाला ३५ डॉलर या भावाने, बांधलेला होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि १९७३ पासून प्रमुख चलनांचे दर तरते, म्हणजे मागणी-पुरवठ्यानुसार बाजारात ठरणारे, झाले. आजच्या बाजाराचा विस्तार मुख्यतः त्यानंतरचा आहे.

या बाजाराला शेअर बाजारासारखी एक मध्यवर्ती जागा नाही. बँका, गुंतवणूक निधी, कंपन्या आणि दलाल इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवरून वा दूरध्वनीवरून परस्परांशी थेट सौदे करतात आणि सोमवारी सकाळी वेलिंग्टन-सिडनीत सुरू झालेले काम टोकियो, सिंगापूर, लंडन असे सरकत शुक्रवारी संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये थांबते. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या बँकेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२२ मध्ये रोजची सरासरी उलाढाल सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर होती आणि सुमारे ८८ टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. दोन छोट्या चलनांची अदलाबदलही बहुधा डॉलरमार्गेच होते, कारण थेट गिऱ्हाईक मिळणे कठीण असते.

जोडीतील पहिले चलन हे आधार चलन. त्याच्या एका एककाला दुसऱ्या चलनाची किती एकके पडतात, ते दर सांगतो. समजा, युरो-डॉलरचा भाव १.०८५० / १.०८५२ असा दिसतो. पहिला आकडा भाव देणाऱ्याचा खरेदीचा, दुसरा त्याच्या विक्रीचा. ग्राहकाला युरो हवे असतील तर दुसरा भाव द्यावा लागतो. दोहोंतील फरकाला स्प्रेड म्हणतात आणि ‘कमिशन शून्य’ अशी जाहिरात असते तेथेही हा खर्च ग्राहकाच्याच खिशातून जातो. बहुतेक जोड्यांत चौथ्या दशांश स्थानावरील एक घर म्हणजे एक पिप. येनच्या जोड्यांत मात्र दुसऱ्या स्थानावरील.

किरकोळ व्यापारात सौद्याची पूर्ण रक्कम भरावी लागत नाही. तिचा काही अंश मार्जिन म्हणून ठेवला की पुरतो. वरील भावाने एक लाख युरोंचा एक लॉट घेतला, तर सौदा १,०८,५२० डॉलरांचा होतो. तीसपट लिव्हरेज, म्हणजे मार्जिनच्या तीसपट सौदा करण्याची मुभा, असल्यास मार्जिन सुमारे ३,६१७ डॉलर. भाव देणाऱ्याचा खरेदीचा भाव १.०७५० वर आल्यावर सौदा मोडला, तर १०२ पिप, म्हणजे १,०२० डॉलर गेले. दर एक टक्काही हललेला नाही, पण ठेवलेल्या रकमेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग संपला.

तत्काळ, म्हणजे स्पॉट, सौद्याची पूर्तता सहसा दोन कामकाजी दिवसांनी होते. पुढील तारखेचा दर आजच ठरवणारा तो फॉरवर्ड सौदा. परदेशातून तीन महिन्यांनी पैसे यायचे असलेला निर्यातदार त्याद्वारे दर बांधून घेतो. फॉरवर्ड दराला पुष्कळदा भाकीत समजले जाते, ती चूक आहे. तो स्पॉट दर आणि दोन्ही चलनांच्या व्याजदरांतील फरक यांवरून निघतो : एका चलनावर वर्षाला ६ टक्के आणि दुसऱ्यावर २ टक्के व्याज असेल, तर पहिले चलन वर्षभराच्या फॉरवर्डमध्ये सुमारे ४ टक्के स्वस्त असते, नाहीतर स्वस्त व्याजाने उचल घेऊन जोखमीविना नफा काढता आला असता. आज घेऊन नंतर परत करण्याचा जोडसौदा तो स्वॅप. २०२२ मध्ये निम्म्याच्या आसपास उलाढाल या प्रकाराची होती, म्हणजे मोठा भाग सट्ट्याचा नसून अल्पकालीन निधीच्या सोयीचा होता.

दर हलतात ते व्याजदर, महागाई, व्यापारतूट आणि मुख्यतः यांविषयीच्या अपेक्षांमुळे. अपेक्षित व्याजदरवाढ झाली तरी चलन कधी कधी घसरते, ते यामुळेच. मध्यवर्ती बँकेचा अनपेक्षित निर्णय सर्वांत घातक ठरतो. एक युरो १.२० स्विस फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचे धोरण स्विस नॅशनल बँकेने १५ जानेवारी २०१५ रोजी अचानक सोडले आणि काही मिनिटांतच युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. भाव मधली घरे गाळून कोसळल्याने स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला सौदा आपोआप मोडण्याची सूचना) लावलेले सौदेही ठरलेल्या भावाच्या कितीतरी खाली तुटले आणि अनेक खात्यांत ठेवीपेक्षा जास्त तोटा झाला.

दोन बाजूंची पूर्तता वेगवेगळ्या वेळी होण्यातही जोखीम असते. २६ जून १९७४ रोजी कोलोन येथील हर्स्टाट बँक नियामकांनी बंद केली, तेव्हा समोरच्या बँकांनी मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) चुकते केले होते. त्यांचे डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे राहून गेले. आजही या जोखमीला हर्स्टाटचेच नाव आहे. २००२ पासून सीएलएस ही संस्था प्रमुख चलनांतील सौद्यांच्या दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण करते. एक बाजू आली नाही, तर दुसरी सोडली जात नाही.