क्यूबा–व्हेनेझुएला संबंध

कॅरिबियन समुद्रातील क्यूबा हे बेट आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील व्हेनेझुएला यांच्यात १९९९ नंतर उभी राहिलेली राजनैतिक, आर्थिक व सुरक्षाविषयक युती. तेल व्हेनेझुएलाने द्यायचे. डॉक्टर, शिक्षक, क्रीडाप्रशिक्षक आणि सुरक्षा सल्लागार क्यूबाने पाठवायचे, असा तिचा ढोबळ सांगाडा. वृत्तपत्रांनी तिला ‘तेलाच्या बदल्यात डॉक्टर’ असे सुटसुटीत नाव दिले. मराठी वाचकाला यात बलुतेदारीची आठवण होईल: वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. फरक एवढाच की कोणाच्या पदरात किती पायल्या पडतात हे गावाला ठाऊक असे. इथे पिंपाचा बाजारभाव रोज छापून येई, पण डॉक्टरचा भाव दोन सरकारांनी आपसात ठरवला. या संबंधांवरचे बहुतेक वाद फिरून त्या भावापाशीच येतात.

पूर्वपीठिका

या मैत्रीची सुरुवात नकाराने झाली. क्यूबात क्रांती होऊन महिनाही उलटला नव्हता तेव्हा, २३ जानेवारी १९५९ रोजी, तिचे नेते फिदेल कास्त्रो व्हेनेझुएलाची राजधानी काराकासला आले. हुकूमशहा पेरेझ हिमेनेझ याच्या पतनाचा तो पहिला वर्धापनदिन होता आणि शहराने पाहुण्याला डोक्यावर घेतले. नियोजित अध्यक्ष रोमुलो बेतांकुर यांच्याकडे कास्त्रोंनी तेल आणि कर्जाचा विषय काढला. बेतांकुर यांनी हात आखडता घेतला. कम्युनिस्टांशी त्यांचे जुने वाकडे होते. पुढे क्यूबाने व्हेनेझुएलातील गनिमी टोळ्यांना शस्त्रे व प्रशिक्षण दिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये काराकासने संबंध तोडले. १९६३ मध्ये व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर क्यूबाहून आलेला शस्त्रसाठा सापडला. तो पुरावा मानून अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेने (ओएएस) १९६४ मध्ये क्यूबावर सामूहिक निर्बंध लादले. मे १९६७ मध्ये माचुरुकुतो या किनारी गावाजवळ क्यूबातून आलेली एक सशस्त्र तुकडी उतरताना पकडली गेली. पुढे ज्यांना ‘भावंडांची राष्ट्रे’ म्हटले गेले, त्यांच्यात एके काळी अशी परिस्थिती होती.

व्हेनेझुएलाचे अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांच्या पहिल्या कारकिर्दीत, १९७४ अखेर, संबंध पुन्हा जुळले. पण ६ ऑक्टोबर १९७६ रोजी क्यूबाना विमान कंपनीचे विमान बार्बाडोसजवळ बॉम्बस्फोटाने पडले, ७३ जण मरण पावले, आणि कटाचे धागे काराकासपर्यंत पोचले. तेथील खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. आरोपींपैकी लुईस पोसादा कारिलेस १९८५ मध्ये तुरुंगातून निसटला आणि क्यूबाची राजधानी हवानाच्या मनात ही सल कायम राहिली.

चावेझ आणि कास्त्रो

४ फेब्रुवारी १९९२ रोजी व्हेनेझुएलात फसलेल्या लष्करी उठावाचा म्होरक्या ऊगो चावेझ दोन वर्षांनी तुरुंगातून सुटला. डिसेंबर १९९४ मध्ये तो हवानाला गेला तेव्हा त्याच्याकडे ना पद होते ना पक्ष. तरी विमानाच्या पायऱ्यांशी खुद्द कास्त्रो उभे होते. ही निव्वळ माया नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाचे स्वस्त तेल आटले होते, अर्थव्यवस्था तिसऱ्या हिश्श्याने आक्रसली होती, हवानाचे रस्ते सायकलींनी भरले होते. जगातील मोठ्या तेलसाठ्यांपैकी एकाच्या मालकीणदेशात उद्या कोण सत्तेवर येईल याचा अंदाज घेणे क्यूबाला भागच होते. तरीही उठाव फसलेल्या एका लेफ्टनंट कर्नलवर इतकी मोठी पैज तेव्हा दुसऱ्या कोणत्याही सरकारने लावली नाही, हे मान्य करावे लागते.

फेब्रुवारी १९९९ मध्ये चावेझ अध्यक्ष झाले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हवानाच्या लातिनोआमेरिकानो मैदानावर दोन्ही देशांच्या ‘माजी खेळाडूं’चा बेसबॉल सामना झाला. बेसबॉल हे दोन्हीकडचे वेड. आपल्याकडे क्रिकेट तसे. चावेझ स्वतः खेळले, क्यूबाच्या संघाची सूत्रे कास्त्रोंकडे होती. सामन्याच्या मध्यावर कास्त्रोंनी पांढऱ्या दाढीचे, पोट सुटलेले काही बदली खेळाडू मैदानात आणले. हे म्हातारे विलक्षण चपळ निघाले. दाढ्या खोट्या, पोटे उशांची. आत होते राष्ट्रीय संघातले तरणेबांड खेळाडू. क्यूबा ५–४ ने जिंकला आणि चावेझ पोट धरून हसले. पुढल्या महिन्यात व्हेनेझुएलाच्या वार्गास किनाऱ्यावर दरडी व चिखलाचे लोट कोसळून हजारो माणसे गेली, तेव्हा क्यूबाची वैद्यकीय पथके तिथे दाखल झाली. युतीच्या पुढच्या आराखड्याची ती रंगीत तालीम ठरली.

तेलाचा करार

३० ऑक्टोबर २००० रोजी काराकासमध्ये ‘सर्वंकष सहकार्य करार’ झाला. सरकारी तेल कंपनी ‘पेदेवेसा’ क्यूबाला दिवसाला ५३,००० पिंपे तेल पुरवणार होती. किंमत जागतिक बाजाराची. मात्र रकमेचा काही भाग १५ वर्षांत, दोन वर्षांच्या सवलतीनंतर, दोन टक्के व्याजाने फेडायचा होता. गंमत अशी की या मूळ मसुद्यात डॉक्टरांना किंमतच लावलेली नव्हती: क्यूबा वैद्यकीय सेवा विनामूल्य देईल, राहणे-खाणे व प्रवास व्हेनेझुएला पाहील, असे कलम होते. म्हणजे कागदावर ती देणगी होती. तिचे रूपांतर बिलात नंतर झाले.

एप्रिल २००२ मध्ये चावेझ दोन दिवसांपुरते पदच्युत झाले, तेव्हा या कराराभोवती किती राग साठला होता ते दिसले. बंडखोरांच्या बाजूच्या तेल अधिकाऱ्यांनी क्यूबाला यापुढे एक पिंपही जाणार नाही असे जाहीर केले. जमावाने काराकासमधील क्यूबन वकिलातीला वेढा घातला, बाहेरच्या मोटारी फोडल्या, वीज-पाणी तोडले. चावेझ परतले तरी पुरवठा काही महिने बंद राहिला. डिसेंबर २००२ पासूनच्या तेलसंपात ‘पेदेवेसा’तील हजारो कर्मचारी बडतर्फ झाले. जुने तज्ज्ञ गेले आणि कंपनी पूर्णपणे अध्यक्षांच्या मुठीत आली. क्यूबाचे तेल त्यामुळे सुरक्षित झाले खरे, पण तेल काढणारा हात त्याच वेळी अधू झाला. त्याचे परिणाम दिसायला दहा वर्षे लागली.

१४ डिसेंबर २००४ रोजी, चावेझ यांच्या पहिल्या हवानाभेटीला दहा वर्षे पूर्ण होताना, दोघा नेत्यांनी ‘अल्बा’ या गटाची घोषणा केली. अमेरिकेच्या पुढाकाराने होऊ घातलेल्या खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्राला तो पर्याय होता. पुढे बोलिव्हिया, निकाराग्वा व इतर देश त्यात आले. जून २००५ मध्ये कॅरिबियन देशांना उधारीवर तेल देणारी ‘पेत्रोकारिबे’ योजना निघाली. क्यूबाचा तेलपुरवठा तोवर ९०,००० पिंपांच्या घरात पोचला होता. यातले सगळे तेल बेटावर जळत नसे. काही शुद्ध करून क्यूबा परदेशात विकत असे आणि परकीय चलन मिळवत असे.

वस्तीतला दवाखाना

एप्रिल २००३ मध्ये काराकासच्या लिबेर्तादोर नगरपालिकेत ‘बार्रिओ आदेंत्रो’, म्हणजे ‘वस्तीच्या आत’, ही मोहीम सुरू झाली. काराकासच्या डोंगरउतारांवर एकावर एक चढलेल्या विटापत्र्यांच्या वस्त्यांत सरकारी डॉक्टर फिरकत नसत. क्यूबन डॉक्टर तिथे नुसते गेले नाहीत, मुक्कामालाच राहिले. सुरुवातीला वस्तीतल्याच कुणाच्या घरी, त्यांच्याच पुढच्या खोलीत रुग्ण तपासत. मग लाल विटांचे अष्टकोनी, दुमजली दवाखाने उभे राहिले: खाली तपासणीची खोली, वर डॉक्टरचे बिऱ्हाड. रात्री दोनला पोर तापाने फणफणले तर जिना चढून दार वाजवायचे. आकडेवारीवर कितीही वाद घालता येईल, पण वस्तीतल्या बायकांना या सरकारबद्दल जे वाटले त्यात या दाराचा वाटा मोठा होता.

व्हेनेझुएलाच्या डॉक्टरांच्या महासंघाने पदव्यांची पडताळणी न करता परक्यांना व्यवसाय करू दिल्याबद्दल न्यायालयात धाव घेतली आणि निकालही आपल्या बाजूने मिळवला. सरकारने तो मानला नाही. जुलै २००३ मध्ये क्यूबन ‘यो सी पुएदो’ (‘होय, मला येते’) पद्धतीवर आधारलेली साक्षरता मोहीम निघाली. त्यात अक्षरांची जोड माणसाला आधीच ओळखीच्या असलेल्या अंकांशी घातली जाते आणि धडे चित्रफितीवरून दिले जातात. २००४ पासून ‘ऑपरेशन मिलाग्रो’खाली मोतीबिंदूच्या रुग्णांना विमानाने क्यूबाला नेऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

भरभराटीच्या काळात व्हेनेझुएलात तीस हजारांहून अधिक क्यूबन काम करत होते. व्हेनेझुएला त्यांच्यासाठी जी रक्कम मोजी तिचा मोठा हिस्सा हवानाच्या तिजोरीत जाई. डॉक्टरच्या हाती अगदी थोडे पडे. तरीही देशातल्या पगारापेक्षा ते जास्त होते, म्हणून लोक जायला तयार असत. मोहीम अर्धवट सोडणाऱ्याला आठ वर्षे मायदेशी परतता येत नसे. अमेरिकेने २००६ मध्ये अशा डॉक्टरांसाठी खास प्रवेशयोजना काढली. ती जानेवारी २०१७ पर्यंत चालली आणि हजारोंनी तिचा फायदा घेतला. इकडे क्यूबात कोपऱ्यावरच्या दवाखान्याला कुलूप दिसू लागले. ‘आमचा डॉक्टर व्हेनेझुएलात आहे’ ही तक्रार बेटावर घरोघर ऐकू येई.

शुद्धीकरण कारखाना आणि केबल

सिएनफुएगोसचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत मदतीने बांधलेला आणि नव्वदच्या दशकात बंद पडलेला. डिसेंबर २००७ मध्ये तो संयुक्त कंपनीमार्फत पुन्हा सुरू झाला. क्यूबाचा वाटा ५१ टक्के, ‘पेदेवेसा’चा ४९, क्षमता दिवसाला ६५,००० पिंपे. तो दुपटीहून मोठा करण्याचे बेत कागदावरच राहिले.

दुसरा प्रकल्प समुद्राखालचा. ला ग्वाइराजवळून निघालेली सुमारे १,६०० किलोमीटरची ‘अल्बा–१’ प्रकाशतंतू केबल फेब्रुवारी २०११ मध्ये सांतियागो दे क्यूबाजवळच्या सिबोने किनाऱ्यावर पोचली. समारंभ झाला, भाषणे झाली, आणि मग जवळजवळ दोन वर्षे शांतता. बेटावरचे इंटरनेट उपग्रहावरूनच रखडत चालले होते. जानेवारी २०१३ मध्ये परदेशी तंत्रज्ञांच्या लक्षात आले की क्यूबाकडे जाणारी माहिती एकाएकी वेगाने वाहते आहे. केबल सुरू झाल्याचे जगाला असे कळले.

आजारपण आणि वारसा

जून २०११ मध्ये चावेझ यांनी कर्करोगाची शस्त्रक्रिया हवानात करून घेतली. ब्राझीलमधून उपचारांचे आमंत्रण असतानाही त्यांनी हवानाच निवडली, कारण तिथून बातमी फुटत नसे. त्यानंतरच्या वीस महिन्यांत व्हेनेझुएलाचा कारभार अनेकदा हवानातील खाटेवरून चालला. ८ डिसेंबर २०१२ रोजी त्यांनी निकोलास मादुरो यांना वारस नेमले आणि चौथ्या शस्त्रक्रियेसाठी ते पुन्हा हवानाला गेले. १० जानेवारीचा शपथविधी त्यांच्याविना हुकला. ५ मार्च २०१३ रोजी काराकासमध्ये त्यांचे निधन झाले. मादुरो तरुणपणी हवानातील निको लोपेझ पक्षशाळेत शिकलेले. क्यूबाला ते परके नव्हते.

सुरक्षा सहकार्याचे खरे स्वरूप सर्वांत झाकलेले राहिले. २००८ मध्ये झालेल्या करारांनुसार क्यूबन अधिकाऱ्यांनी व्हेनेझुएलाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या फेररचनेत आणि प्रशिक्षणात भाग घेतला. तिचा रोख परक्या शत्रूपेक्षा आपल्याच सैन्यातील फितुरीवर होता. क्यूबन संस्थेने ओळखपत्र यंत्रणेचेही काम केले. विरोधक या साऱ्याला ‘कुबासुएला’ म्हणत. मोठा देश लहान देशाच्या तंत्राने चालतो आहे ही त्यांची बोच होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र क्यूबा हुकूम देई आणि काराकास पाळे असे चित्रही फसवे आहे. व्हेनेझुएलाकडून येणारा ढासळता तेलपुरवठा हवानाला कधी सावरता आला नाही.

ओहोटी

२०१२ च्या सुमारास दोन्ही देशांतील मालाचा व्यापार ८ अब्ज डॉलरांच्या वर होता. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, ‘पेदेवेसा’चे उत्पादन घसरत गेले, आणि काही वर्षांत हा व्यापार एक-चतुर्थांशाच्या आसपास आला. डिसेंबर २०१४ मध्ये फिदेल यांचे भाऊ आणि क्यूबाचे तेव्हाचे अध्यक्ष राउल कास्त्रो आणि अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली, तिच्यामागे ही चाहूल होती असे मानायला जागा आहे. सोव्हिएत धडा विसरण्याइतके हवाना भोळे नव्हते. जुलै २०१६ मध्ये राउल यांनी संसदेत इंधनपुरवठा घटल्याची कबुली दिली. २०१७ मध्ये सिएनफुएगोसचा कारखाना क्यूबाने पूर्णपणे आपल्याकडे घेतला.

जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेने ‘पेदेवेसा’वर, आणि एप्रिलपासून क्यूबाला तेल नेणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले. जहाजे नावे बदलून, ठिकाण सांगणारे यंत्र बंद करून जाऊ लागली. सप्टेंबरमध्ये इंधन संपत आल्यावर क्यूबाचे अध्यक्ष मिगेल दियास-कानेल यांनी या टंचाईला ‘कोयुंतुरा’, म्हणजे तात्पुरती परिस्थिती, म्हटले. क्यूबन लोकांनी तो शब्द उचलला आणि बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला लावला. ती परिस्थिती तात्पुरती नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेटाचे वीजजाळे संपूर्ण कोसळले तेव्हा व्हेनेझुएलाचा पुरवठा सुरुवातीच्या ५३,००० पिंपांच्याही बराच खाली होता.

३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकी सैन्याने काराकासवर हल्ला करून मादुरो यांना पकडून नेले. डेल्सी रॉड्रिगेझ हंगामी अध्यक्ष झाल्या. व्हेनेझुएलाचे तेल वा पैसा यापुढे क्यूबाला मिळणार नाही, असे अमेरिकी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच महिन्यात जाहीर केले. या कारवाईत ३२ क्यूबन ठार झाले. व्हेनेझुएलात आपले सैनिक आहेत हे हवानाने वर्षानुवर्षे नाकारले होते. आता दोन दिवसांचा दुखवटा पाळून, मृत लष्कर आणि गृहखात्याचे होते असे सांगून, त्यांची नावे हुद्द्यांसकट सरकारी वृत्तपत्रात छापण्यात आली.