भाजण्याआधीचा हात : दख्खनच्या खापरांची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हल्ली झिलईचा (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचा) डबा बाजूला ठेवून कच्च्या भांड्यावरच प्रयोग करण्याची ओढ दिसते. कुणी गेरूचा पातळ लेप देतं, कुणी गुळगुळीत गोट्यानं घोटून चमक काढतं, कुणी लेप खरवडून खालची माती उघडी करतं. यातलं बरंचसं आपल्याकडे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच करून झालं आहे.

या सगळ्या कामाला मिळणारा वेळ थोडा. भांडं घडवून झालं की ते आधी लिबलिबीत असतं, मग ओल धरून ताठ होतं, मग पांढुरकं आणि ठिसूळ. लेप आणि घोट मधल्या अवस्थेतच. लवकर घोटलं तर गोट्याला माती चिकटून ओरखडे उठतात. उशीर झाला तर लेप कोरडा होऊन पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात हा मधला काळ भराभर सरतो, म्हणून भांडी ओल्या फडक्याखाली ठेवतात.

घोटल्यानं नेमकं काय होतं? मातीचे कण मुळात चपटे, पत्र्यासारखे. दाबून घासलं की ते एकाच दिशेनं निजतात आणि प्रकाश सरळ परतवतात. लेपात हेच कण आणखी बारीक असतात. माती पाण्यात कालवून ठेवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचं दाट पाणी काढून घ्यायचं. यात रंग लोहाचा. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, हवा खेळती राहिली तर तांबडा, कोंडली तर काळा.

आता खापरांकडे येऊ. ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या, माळवा संस्कृतीची भांडी (पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला साधारण इ.स.पू. १६०० ते १४००) तशी जाडीभरडी. मातीत भुसा मिसळलेला, पोत खरबरीत. त्यावर केशरी किंवा पिवळट लेपाचा जाड थर आणि वर काळी-तपकिरी चित्रं. इथे लेप आतली भरड लपवतो. मागून आलेल्या जोर्वे भांड्यांना ते ओझं नव्हतं. संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे इथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं आणि गावाचं नाव संस्कृतीला मिळालं. या भांड्यांची माती चाळलेली, भाजणी पक्की. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. पृष्ठभाग केशरी-तांबडा, बिनचमकीचा, त्यावर काळ्या भौमितिक रेघा. तोटीची भांडी आणि कोनात वळलेले वाडगे अजूनही देखणे वाटतात.

चमक नाही म्हणजे कारागिरी कमी, असा समज स्टुडिओतल्या नवख्यांमध्ये हमखास आढळतो. जोर्वेचं खापर हातात घेतल्यावर तो टिकायचा नाही. दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन भांड्यांत माझ्या लेखी तेच सर्वांत सफाईदार.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झालं. तिथे कुंभाराची भट्टीही मिळाली. मुलांना घराच्या जमिनीखाली पुरताना मात्र दोन हातघडीचे, राखाडी, भरड रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेले आढळतात. त्याच घरांत चाकावरची नक्षीदार भांडी वापरात होती. म्हणजे कौशल्य असूनही काही भांडी मुद्दाम साधी राहत, कशासाठी ते आपण तर्कानं म्हणायचं. पुढे, इ.स.पू. १००० नंतर, इनामगावची भांडी उत्तरोत्तर भरड होत गेली, नक्षी विरळ झाली. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी आणि हलाखीशी जोडला होता. पोटापुरतं पिकत नसेल तर रेघा ओढायला सवड कुठली?

विदर्भातल्या शिळावर्तुळांत (दगडांचं कडं केलेल्या प्राचीन दफनांत), माहुरझरी आणि टाकळघाट-खापा इथे, मिळणारी काळी-तांबडी भांडी वेगळीच: आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी. भांडी पालथी घालून आत पालापाचोळा कोंडल्यानं हा दुहेरी रंग येत असावा, असं एक मत आहे. दोनदा भाजत असावेत, असं दुसरं. घोट मात्र दोन्ही मतांत भाजण्याआधीचाच.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत गुजरात-महाराष्ट्रात झळाळीची तांबडी भांडी आढळतात. ती रोमन भांड्यांची नक्कल, असं पूर्वी बरेच अभ्यासक म्हणत. पण सौराष्ट्रातल्या रंगपूरला घोटीव तांबडी भांडी त्याहून हजारभर वर्षं जुन्या थरांत आहेत. चमक काढणं इथल्या हातांना ठाऊक होतं, हे तरी त्यावरून ठरतं.

झिलई समुद्रमार्गे आली. चौलसारख्या बंदरांत पश्चिम आशियातल्या निळसर-हिरव्या झिलईची खापरं मिळतात. गावच्या कुंभारानं ती उचलली नाही, आणि यात मागासलेपण शोधण्याची गरज नाही. माठाची भिंत झिरपली तर पाणी गार होतं. झिलई तीच छिद्रं बुजवते. आव्याची आचही झिलईला पुरत नाही.

तेरचे गोरोबाकाका थापटण्यानं संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगतात, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. ते थापटणं भांड्याचं बूड आणि पोट ठोकून पातळ करतं, आणि ठोकताना पृष्ठभागही दाबून घट्ट होतो. म्हणजे अर्धं फिनिशिंग घडणीतच होतं. ज्या तेरला गोरोबा झाले, तिथेच सातवाहन काळातलं तगर नगर होतं.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग उभा केला. सिंधची तंत्रं आणि अजिंठ्याची नक्षी एकत्र आणून तिथे झिलईची शोभेची भांडी घडली. खेड्यातल्या आव्याशी या प्रयोगाचं नातं जुळलं नाही. शहरी स्टुडिओची परंपरा झिलईकडे वळली, ती तिथून आणि पुढे परदेशी स्टोनवेअरच्या (मोठ्या आचेवर भाजलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या भांड्यांच्या) वळणानं.

म्हणूनच आज घोटाकडे परतणाऱ्याला पहिला अडथळा विजेच्या भट्टीचा येतो. स्टोनवेअर १२०० अंशांच्या वर भाजतात. पण साधारण हजार अंशांच्या पुढे माती आकसून कण विस्कटतात आणि कष्टानं काढलेली चमक मंदावते. मग भट्टी मुद्दाम कमी ठेवावी लागते, भांड्यात पाणी झिरपू द्यावं लागतं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं लागतं की यात आमटी वाढू नका.