जावास्क्रिप्टमध्ये तारीख एक दिवस का सरकते?

जावास्क्रिप्ट या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत १५ जानेवारीच्या मध्यरात्रीची तारीख तयार करून ती आयएसओ साच्यात (वर्ष-महिना-दिवस या आंतरराष्ट्रीय मानक रूपात) छापली, तर भारतातल्या संगणकावर १४ जानेवारी, १८:३० असं दिसतं. छापताना वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलते आणि साडेपाच तास वजा होतात. अशा बगचं खापर डेव्हलपरवर फुटतं, पण त्याची मुळं भाषेच्या जन्मात आहेत.

मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. ती जावा या दुसऱ्या भाषेसारखी दिसावी असा आदेश होता, म्हणून जावातला तारखा हाताळणारा ‘डेट’ हा भाग जसाच्या तसा उचलला गेला. त्यात सी भाषेपासून चालत आलेली मोजणी होती: जानेवारी म्हणजे ०, वर्षं १९०० पासून. जावाने १९९७ मध्येच ‘डेट’मधली बहुतेक फंक्शन्स बाद ठरवली. जावास्क्रिप्टला ते शक्य नव्हतं. जुनं काढलं तर चालू वेबसाइट बंद पडतात.

मजकुरातून तारीख वाचण्याची कथा याहून वाईट. कुठला मजकूर कसा वाचायचा हे अनेक वर्षं बरंचसं ब्राउझरवर सोडलेलं होतं. ०३/०४/२०१० ही आपली ३ एप्रिल, पण ब्राउझर ती सहसा अमेरिकी रीतीने ४ मार्च अशी वाचतात. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या मानकात आयएसओचा साचा आला; टाइमझोन लिहिलेला नसेल तर यूटीसी धरायचं ठरलं. २०१५ मध्ये ते बदलून स्थानिक वेळ केली, आणि २०१६ मध्ये तडजोड झाली: नुसती तारीख असेल तर यूटीसी, सोबत वेळ असेल तर स्थानिक. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या तडजोडीने केलं. ‘२०२४-०१-१५’ पुण्यात १५ तारखेची पहाटे साडेपाच होते, त्यामुळे चाचणीत काहीच खटकत नाही. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला मात्र १४ तारीख दिसते.

मधल्या काळात मोमेंट या तारखा हाताळणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीने बाजू सांभाळली. २०२० मध्ये तिच्याच चमूने नव्या प्रकल्पांत ती वापरू नका असं सांगितलं.

जावाने स्टीफन कोलबोर्न यांच्या जोडा-टाइम या तारखांच्या लायब्ररीच्या अनुभवावरून २०१४ मध्ये तारखांसाठी नवी रचना आणली. जावास्क्रिप्टचं उत्तर म्हणजे टेम्पोरल, ‘डेट’ला पर्याय म्हणून भाषेतच आणलेली नवी रचना. मे २०२५ मध्ये ते फायरफॉक्स ब्राउझरच्या १३९ व्या आवृत्तीत आलं. त्यात जानेवारी १ आहे, आणि जन्मतारखेसारख्या नुसत्या तारखेला वेळ किंवा टाइमझोन चिकटत नाही. ०३/०४/२०१० दिलं, तर ते अंदाज न बांधता थेट एरर देतं.