‘आधी इंडेक्स काढा’ हा सल्ला नेहमी खरा नाही

डेटाबेसच्या टेबलात लाखो ओळी भरायच्या म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: आधी सगळे इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीच्या सूची) काढून टाका, मग भरा आणि शेवटी ते पुन्हा बांधा. टेबल रिकामं असेल तर तो बरोबर आहे. पण टेबलात आधीच ५ कोटी ओळी असतील आणि तुम्ही ५० हजार घालणार असाल, तर इंडेक्स पुन्हा बांधताना डेटाबेसला ५ कोटी ५० हजार ओळी वाचाव्या लागतात. वाचवलेला वेळ तिथेच जातो, वर तेवढा वेळ त्या टेबलावरच्या क्वेरी रखडतात.

युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा) काढणं तर मला सरळ धोक्याचं वाटतं. दुबार ओळी बिनबोभाट आत शिरतात आणि नंतर तो इंडेक्स बांधायला गेलं की एरर येते.

मग भरणं रखडतं कशामुळे? बहुतेक वेळा प्रत्येक ओळीमागे होणाऱ्या कमिटमुळे, म्हणजे बदल कायमचा पक्का करण्यामुळे. ऑटोकमिट (दर आदेशानंतर आपोआप कमिट) चालू असताना दर इन्सर्टनंतर, म्हणजे ओळ घालणाऱ्या आदेशानंतर, लॉग (बदलांची नोंद) डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत डेटाबेस थांबतो. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या अधिकृत माहितीतच म्हटलंय की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५० हजार इन्सर्ट सहज होतात, ट्रॅन्झॅक्शन (एका कमिटने एकत्र पक्के होणारे बदल) मात्र काही डझनच. म्हणजे सगळ्या इन्सर्टच्या सुरुवातीला ‘बिगिन’ आणि शेवटी ‘कमिट’ लिहिलं तरी बराच फरक पडतो. सर्व्हर नेटवर्कपलीकडे असेल तर ओळीगणिक एक फेरीही वाचवायला हवी. त्यासाठी एका इन्सर्टमध्ये अनेक ओळी द्या, किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘कॉपी’, मायएसक्यूएलमध्ये ‘लोड डेटा’ वापरा. हे सगळं करून बघा, इंडेक्सला हात त्यानंतर लावा.