गूसनेक अश्व-ट्रेलरसाठी पिकअप ट्रकची निवड

घोडे वाहून नेणाऱ्या गूसनेक (वाकलेल्या मानेने ट्रकच्या हौद्यात जोडल्या जाणाऱ्या) ट्रेलरचे वजन, त्याचा ट्रकवर पडणारा उभा भार आणि ट्रकची मंजूर क्षमता यांचा मेळ घालून ओढवाहन ठरवण्याची पद्धत. तिचा विकास मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे झाला. रोडिओ (गुराख्यांच्या कसबाचे खेळ), कटिंग (घोड्यावरून कळपातील गुरे वेगळी काढण्याची स्पर्धा), बॅरल रेसिंग (पिंपांभोवती घोडा दौडवण्याची शर्यत) आणि घोड्यांची प्रदर्शने यांनिमित्त तेथे मालक स्वतःच घोडे घेऊन शेकडो किलोमीटर प्रवास करतात. यूरोपात हे काम बहुधा वाहनाच्या मागे दांडीने जोडायचे लहान ट्रेलर किंवा स्वतंत्र अश्ववाहू लॉरी करतात.

घोडा चाकांवर चढवून नेण्याची सुरुवात कोणी केली, याबद्दल मतभेद आहेत. सामान्यतः श्रेय लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांना दिले जाते. १८३६ मध्ये त्यांनी ‘एलिस’ हा घोडा गुडवुडहून डाँकास्टरला सेंट लेजर शर्यतीसाठी सहा घोडे ओढत असलेल्या बंद गाडीतून नेला आणि एलिसने ती शर्यत जिंकली. घोडा पायी चालत वेळेवर पोहोचणे शक्य नाही, असे पैजा घेणाऱ्यांनी गृहीत धरले होते. मात्र १८१६ च्या सुमारास टेरिट नावाच्या मालकाने ‘सॉव्हरिन’ हा घोडा गुरांच्या गाडीतून न्यूमार्केटला नेल्याचा उल्लेख मिळतो. एलिसचा प्रशिक्षक पूर्वी टेरिट यांच्याकडे होता, असेही सांगितले जाते. हे ग्राह्य धरले, तर बेंटिंक यांच्याकडे कल्पनेपेक्षा तिच्या प्रसाराचे श्रेय जाते, आणि तेच अधिक संभवनीय वाटते.

गूसनेक जोडणीच्या उगमाबाबतही एकमत नाही. डिट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी १९१४ मध्ये एका ग्राहकाची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडायचा ट्रेलर बनवला. अर्धट्रेलर (पुढचा भार ओढवाहनावर टेकणारा ट्रेलर) उद्योगाचा आरंभ बहुतेक लेखक तेथे मानतात. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांचा १९२० नंतरच्या दशकातील ‘एरोकार’ हा दुसरा पूर्वज. त्याचे नाक मोटारीच्या मागील भागात आडव्या बसवलेल्या हवेच्या टायरमध्ये अडकत असे. प्रवासी वाहनाच्या मागच्या आसावर ट्रेलरचा भार घेण्याचे तत्त्व एरोकारमध्ये स्पष्ट दिसते. म्हणून पिकअपच्या बाबतीत त्याचे नाते अधिक जवळचे मानावे. शेतकऱ्यांच्या गुरांच्या ट्रेलरांतून ही रचना अश्व-ट्रेलरांत आली असावी. हा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला दिसतो.

रचना अशी : ट्रेलरच्या पुढच्या टोकाची वाकलेली मान ट्रकच्या हौद्यावरून येते आणि हौद्याच्या तळातील गोळ्यावर बसते. गोळ्याचा व्यास सामान्यतः ५८.७ मिमी. (२ ५/१६ इंच) असतो. तो मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असतो. बंपरमागच्या दांडीत भार आसाच्या मागे लोंबतो व ट्रेलरला हेलकावे बसतात. गूसनेकमध्ये ते बरेच कमी होतात. बदल्यात ट्रकवर उभा भार जास्त पडतो. दांडीच्या ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, तर गूसनेकमध्ये १५ ते २५ टक्के धरतात. ट्रेलरच्या पुढील भागात राहण्याची खोली व पाण्याची टाकी असल्यास आकडा वरच्या टोकाकडे सरकतो.

निवडीतील बहुतेक चुका येथेच होतात. जाहिरातीत ओढक्षमता ठळक छापलेली असते. ट्रकला अडवते ती भारवहनक्षमता. उदाहरणादाखल तीन घोड्यांचा, लहान खोली असलेला रिकामा ट्रेलर ३,२०० किग्रॅ. धरू. प्रत्येकी ५०० किग्रॅ.चे तीन घोडे, शिवाय खोगिरे, गवत व पाणी मिळून ३०० किग्रॅ. धरले, तर एकूण ५,००० किग्रॅ. होतात. पैकी २२ टक्के, म्हणजे १,१०० किग्रॅ. गोळ्यावर येतील. चालक, सोबती, जोडणी व अवजारे यांचे २५० किग्रॅ. मिळवल्यास ट्रकने १,३५० किग्रॅ. पेलायला हवेत. ‘अर्धा टन’ वर्गातील बहुतेक ट्रक येथेच बाद होतात. ‘पाऊण टन’ वर्गातील अनेक ट्रकांचे मंजूर एकूण वजन (ट्रक व त्यावरील भार मिळून) १०,००० पौंड (४,५३६ किग्रॅ.) असते. चार दारांची, चारही चाकांना गती देणारी डिझेल आवृत्ती स्वतःच ३,४०० किग्रॅ.च्या आसपास भरते; उरतात सुमारे १,१०० किग्रॅ. ओढक्षमता ६,८०० किग्रॅ.च्या पुढे असूनही हा ट्रक अपुरा पडतो. त्याच वर्गातील पेट्रोल इंजिनाचा ट्रक हलका असल्याने अधिक भार घेऊ शकतो. ‘एक टन’ वर्ग हे गणित सहज पेलतो. ही टनांची नावे जुन्या भारक्षमतेवरून आलेली असून आज शब्दशः खरी नाहीत. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो आणि तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. खरेदीपूर्वी तो वाचावाच. आपल्याकडे ट्रेलर आधीच असेल, तर तो भरून ट्रकांच्या थांब्यावरील वजनकाट्यावर आसनिहाय तोलून घ्यावा.

उत्पादकांचे ओढक्षमतेचे आकडे पूर्वी एकमेकांशी ताडता येत नसत. एसएई या अमेरिकी मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे ओढक्षमता मोजण्याचे मानक २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर टोयोटाने ते प्रथम स्वीकारले. इतर कंपन्या काही वर्षांनी आल्या. त्यातील प्रमुख चाचणी ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किमी. लांबीच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे ३८° से. तापमानात वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून वेग ताशी ६४ किमी.च्या खाली जाता कामा नये. मागे जोडचाके असलेल्या ट्रकास ५६ किमी.ची सवलत आहे. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा सुटण्याची परीक्षा आहे. मात्र मानकातील भार निर्जीव असतो. घोडा उभ्याने प्रवास करतो, वळणावर पाय बदलतो, मान टाकतो. त्याचा गुरुत्वमध्यही उंच असतो. म्हणून छापील मर्यादेच्या बऱ्याच खाली राहणे हे घोड्याच्या हिताचे आहे.

डिझेलचा खरा लाभ उतारावर दिसतो. एक्झॉस्ट ब्रेकमुळे (इंजिनातून बाहेर जाणारा धूर अडवून वेग कमी करणारी यंत्रणा) चाकांचे ब्रेक न तापवता गाडी संथ उतरते आणि घोड्यांना धक्के बसत नाहीत. उंच प्रदेशात साधे पेट्रोल इंजिन विरळ हवेने दमते. टर्बो डिझेल त्यामानाने टिकते. वर्षातून मोजके, सपाटीवरचे प्रवास करणाऱ्यास पेट्रोल इंजिन पुरते आणि त्याची देखभालही स्वस्त असते. जोडचाकांमुळे स्थैर्य व भारक्षमता वाढते. पण ओल्या गवतावर पकड कमी होते.

हौद्याची लांबी दुर्लक्षिली जाते. २.४ मी.च्या हौद्यात तीव्र वळणावर ट्रेलरचे नाक केबिनला लागत नाही. आखूड हौद्यात ते नाकाच्या आकारावर अवलंबून असते. आजचे ट्रक उंच असल्याने हौद्याची कड आणि ट्रेलर यांत सुमारे १५ सेंमी. अंतर ठेवून ट्रेलर समतल राहतो का, हे पाहावे लागते. नाक वर राहिल्यास ट्रेलरच्या मागच्या आसावर जादा भार पडतो. ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक, जोडणी सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी कळ व सुरक्षा साखळ्याही तपासाव्यात.

भारतात गूसनेक अश्व-ट्रेलर रूढ नाहीत. मुंबई व पुणे येथील शर्यतींचे घोडे हंगामानुसार बंद अश्ववाहू गाड्यांतून घाट चढतात-उतरतात.